बरोबरीचा सौदा

अनिमेषने स्वतःचं पिस्तूल पेटीतून काढलं, नळी निशाण्यांच्या भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि बोटाने हळूच सुबोधच्या पिस्तुलाशेजारी सरकवलं.

"हे तुम्ही घ्या, दादा," तो म्हणाला, "आणि तुमचं मला द्या. वर पैसे नकोत, काही नको. नुसती अदलाबदल."

सुबोध छर्ऱ्यांची डबी बंद करत होता. त्याचा हात झाकणावरच राहिला. शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन एअर पिस्तुलं बघून एखाद्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं की या सौद्यात कोण बुडतंय. अनिमेषचं जर्मन बनावटीचं, कोरं करकरीत, दीड वर्ष वापरूनही त्याच्यावर एक ओरखडा नाही. सुबोधचं त्याच्या आधी तिघांच्या हातून गेलेलं, नळीच्या टोकाशी काळा रंग उडालेला, आणि हवेच्या सिलिंडरची मुदत येत्या डिसेंबरात संपणारी. मुदत संपली की ते सिलिंडर मॅचला चालत नाही, नवं घ्यावं लागतं. बाजारात उभं केलं असतं तर सुबोधच्या पिस्तुलाला अनिमेषच्या पिस्तुलाच्या पेटीइतकीही किंमत आली नसती.

"चेष्टा करतोस का रे?"

"नाही, खरंच."

"माझ्या सिलिंडरची मुदत..."

"डिसेंबर. माहितीये मला. मी बदलून घेईन." अनिमेष टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "फक्त एक आहे. मुठीसकट हवंय."

आता हे मात्र अतीच झालं. एअर पिस्तुलाची लाकडी मूठ ज्याची त्याची असते. नवी आली की माणूस कानस घेऊन बसतो. टोचते तिथे घासायची, पोकळ लागते तिथे लाकडाच्या भुशाचा लगदा भरायचा, वाळला की पुन्हा घासायचा. महिनोन्महिने हा उद्योग चालतो. शेवटी ती मूठ त्या एका हातात अशी बसते की दुसऱ्या कुठल्याही हातात बसत नाही. पिस्तूल विकणारा मूठ काढून ठेवतो, नाहीतर घेणारा ती टाकून दुसरी लावतो. दुसऱ्याची मूठ मागायची म्हणजे दुसऱ्याच्या कवळीवर नजर ठेवण्यातलाच प्रकार.

"माझी मूठ घेऊन काय करणार तू? तुझा हात बघ, माझा बघ."

"लगेच सांगू नका. विचार करा. हवं तर आधी मारून बघा."

नेमबाजीच्या रेंजचे अधिकारी मिस्टर गोह पलीकडे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान डोलावली.

"ट्राय लाह, ट्राय. ट्राय ओन्ली, नो नीड टु पे."

सुबोधने पाच छर्रे मारले. मूठ अनिमेषच्या लांब बोटांची, त्याच्या हाताला सगळीकडून सैल, तरीही ट्रिगर असा सुटत होता की बोटाला पत्ता लागू नये. दोरीवरून सरसरत निशाण्याचा कागद परत आला. चार दहा आणि एक नऊ. असे लागोपाठ पाच त्याने स्वतःच्या पिस्तुलाने कधी मारले होते ते त्याला आठवेना.

मग अनिमेषने सुबोधचं पिस्तूल उचललं. त्याची करंगळी मुठीच्या खाली लोंबत राहिली, तळहाताचा फुगीर भाग लाकडाबाहेर आला. सुबोधने ते पाहिलं. या हातात हे पिस्तूल कधी नीट धरलं जाणार नाही, हे समजायला त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. अनिमेष मात्र बराच वेळ ते तसंच धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागावी तसं काहीतरी होतं.

"बघतो," सुबोध म्हणाला. "सांगतो तुला."

घरी जाताना बसमध्ये त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कोणी जाणूनबुजून तोट्याचा सौदा करतो का? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या नव्या पिस्तुलात काही बिघाड असेल? पण मग ते चार दहा कसे लागले? शिवाय या देशात पिस्तूल म्हणजे काही भाजी नव्हे. ते क्लबाच्या कुलपाबाहेर जात नाही, आणि एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं तर पोलिसांची परवानगी काढावी लागते. एकदा बदललं की बदललं. आठवड्याने परत दे म्हणायची सोय नाही.

आणि या पोराला क्लबात आणलं कोणी? सुबोधनेच. सुबोधच्याच आंग मो किओतल्या कंपनीत अनिमेष नवा आला, तेव्हा कोणीतरी मराठी बोलणारं दिसलं म्हणून सुबोध आपण होऊन त्याच्या टेबलापाशी गेला होता. कोथरूडचा आहे, एकटा राहतो, सुट्टीच्या दिवशी काय करावं कळत नाही म्हणतो, म्हणून कीव येऊन एका शनिवारी त्याला पाहुणा म्हणून रेंजवर घेऊन आला. पिस्तूल धरायचं कसं, श्वास सोडायचा कधी, सगळं त्यानेच दाखवलं. वर्षभरात हा गडी सरावाला साठ छर्ऱ्यांत सहाशेपैकी पाचशे सत्तरच्या पुढे मारायला लागला. सुबोध गेली कितीतरी वर्षं पाचशे चाळीसवर होता. तिथे त्याने घरच बांधलं होतं म्हणा ना.

क्लबाच्या संघात तिघांना जागा असते. हा संघ दर वर्षी सीमेपलीकडे जोहोरला जाऊन तिथल्या क्लबाशी मॅच खेळतो. पहिल्या दोन जागांबद्दल कधी वाद नसे. तिसरी सुबोधची होती, आणि ती त्याची होती कारण तिसरं कोणी नव्हतं. ठाण्याच्या शाळेपासून आजच्या कंपनीपर्यंत सुबोध कशातच कोणाच्या पुढे नव्हता. बरोबरचे लोक डायरेक्टर झाले, शेजारचे लोक महागड्या कॉन्डोत राहायला गेले, आणि हा प्रत्येकाचं अभिनंदन करून घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलत नसे. पण वर्षातून एकदा क्लबाचा निळा टी-शर्ट घालून जोहोरच्या बसमध्ये चढताना त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. पुढच्या महिन्यात निवडीची मॅच होती, आणि या वेळी तिसरं कोणी होतं.

"मग घे की," घरी त्याची बायको अनघा म्हणाली. ती भेंडी पुसत होती.

"असं कसं घे? कोणी उगाच देतं का?"

"उगाच कुठे? तुझं घेतोय ना बदल्यात."

"माझं भंगार आहे."

"परवापर्यंत क्लासिक होतं."

पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासून घरी आल्यावर या बाईला नवऱ्याची उलटतपासणी घ्यायला जोर कुठून येतो, हे सुबोधला कधी कळलं नव्हतं.

"तुला त्याचा हेवा वाटतो," ती सरळ म्हणाली.

"हेवा? मला? त्या कालच्या पोराचा?"

"बरं, नाही वाटत. उद्या तो जेवायला येतोय, त्यालाच विचार काय भानगड आहे ती."

"उद्या पुन्हा?"

"एकटा मुलगा आहे, सुबोध. तूच आणलंस ना त्याला या घरात."

तेही खरंच होतं, आणि म्हणून जास्तच झोंबलं.

रविवारी सकाळी अनघा लिटिल इंडियातल्या टेक्का मार्केटला जाऊन अळूची पानं घेऊन आली. सुबोधच्या वाढदिवसाला तिथवर जायला तिला वेळ झाला नव्हता, पण ते असो. अनिमेष आला तो गार्गीसाठी गणिताचं कोडं घेऊन आला आणि हात धुवायच्या आधीच तिच्या वहीवर वाकला. अकरा वर्षांची पोर, बाप शिकवायला बसला की जिला नेमकी तहान लागते, ती अर्धा तास जागची हलली नाही.

"बाबा, अनिमेषकाका एक्स्प्लेन्स सो वेल," ती म्हणाली. "यू ऑल्वेज शाउट ओन्ली."

जेवताना अनघाने अनिमेषला आग्रह करकरून वाढलं. "वहिनी, पुण्याला गेलो तरी अशी मिळत नाही," असं तो एकदा म्हणाला आणि शेवटची अळूवडी त्याच्या पानात गेली. सुबोधने ती जाताना पाहिली. त्याचा हात अर्धवट पुढे झाला होता, तो त्याने लोणच्याकडे वळवला.

जेवणं झाल्यावर तो अनिमेषला घेऊन खाली उतरला. ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, तळाशी खांबांमध्ये मोकळी जागा असते, तिथे दगडी टेबलं असतात. दुपारचं तिथे कोणी नव्हतं. वारा चांगला होता.

"आता बोल," सुबोध बसता बसता म्हणाला. "पिस्तुलात काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलेलं. तुम्ही मारलंत ना."

"मग मला कशाला देतोस? उपकार म्हणून? मी शिकवलं म्हणून?"

"नाही हो." अनिमेष टेबलावर कोरलेल्या बुद्धिबळाच्या चौकोनांकडे बघत होता. "हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"मागच्या दोन मॅच मी सोडल्या. मनगट दुखतंय म्हणालो होतो."

सुबोधला चांगलं आठवत होतं. दोन्ही वेळी त्याने मनगटाला लावायला मलम आणून दिलं होतं, आणि दोन्ही वेळी घरी जाताना तो बसमध्ये गुणगुणत होता.

"मनगटाला काही झालं नव्हतं," अनिमेष म्हणाला. "मॅच म्हटली की माझा हात थरथरतो, दादा. सरावाला नाही, फक्त मॅचला. सकाळपासून घास उतरत नाही. उभा राहिलो की नेम धरायची ती टोकाची माशी नुसती नाचायला लागते. सगळे बघतायत, सगळ्यांना वाटतंय मी दहाच मारणार. मग मला श्वास कधी सोडायचा तेही आठवत नाही."

"नवा आहेस. होतं."

"तुम्हाला का नाही होत?" त्याने वर पाहिलं. "मागच्या वर्षी मी तुमच्या शेजारच्या लेनमध्ये होतो. तुम्ही सरावाला जे मारता तेच मॅचला मारता. पहिला छर्रा काय आणि शेवटचा काय, तुमचा हात हलतच नाही. आणि वर तुम्ही मध्ये जाऊन चहा पिता. खरं सांगू? माझा जळफळाट होतो. घरी जाऊन पडलो की तुमचा तो हात दिसतो. मी एवढं महागाचं पिस्तूल घेतलं, पुस्तकं वाचली, प्राणायाम झाला, सगळं झालं. काल तुमचं पिस्तूल हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा जरा शांत वाटलं. मला माहितीये, ती मूठ मला बसत नाही. पण ती तुमच्या हाताची आहे ना. मी माझा हात तिच्यात बसवीन."

सुबोध हसला नाही. त्याला हसूच येत नव्हतं. आधी त्याला ऐकलेलं नीट कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कोणीतरी त्याच्यावर जळत होतं. बेचाळीस वर्षं तो लोकांवर जळत आला होता, मोठ्या भावावर, वर्गातल्या पहिल्यावर, साडूच्या गाडीवर, या समोर बसलेल्या मुलावर. या खेळात दुसरीही एक बाजू असते आणि तिथे आपल्यालाही खुर्ची मिळू शकते, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पाचशे चाळीस या आकड्याची त्याला इतकी लाज वाटायची, आणि हा मुलगा त्याच आकड्यापायी रात्र रात्र तळमळत होता.

"तुम्ही मनात काय म्हणता त्या वेळी?" अनिमेषने विचारलं. "काहीतरी म्हणत असाल ना."

सुबोध मनात काहीच म्हणत नसे. क्लबात त्याच्याकडे कोणी बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उभा राहिला की गोह पेपर उघडत, मागचे लोक गप्पा मारायला लागत, आणि तो आपला रिकाम्या घरात दाढी करावी तसा निवांत एकामागून एक छर्रे मारत राही. कोणाला त्याच्याकडून दहाची अपेक्षा नव्हती, मग हात थरथरायचा कशासाठी? हे एवढंच होतं, आणि एवढंच या मुलाला सांगायला हवं होतं. नव्या पिस्तुलाहून ते जास्त कामाला आलं असतं. त्यासाठी अदलाबदलीचीही गरज नव्हती.

"काही नाही रे," तो म्हणाला. "सवय."

अनिमेषने अशी मान हलवली, जणू फार मोठी गोष्ट ऐकली.

त्यानंतरचे दोन दिवस सुबोध नफातोटा मांडत होता. पिस्तूल घ्यावं तर कोणी नाव ठेवणार नव्हतं, मागणारा आपण होऊन मागत होता. नवं पिस्तूल हातात येणार, आणि त्या परक्या मुठीत अनिमेषची बोटं अशी अवघडणार की सरावाचाही त्याचा आकडा घसरणार. म्हणजे तिसरी जागा दोन्हीकडून पक्की. इतका एकतर्फी सौदा आयुष्यात पुन्हा पुढ्यात येणार नव्हता.

"त्याला यात काय मिळणार?" मंगळवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता अनघाने विचारलं. तिला त्याने मुठीबद्दल सांगितलं होतं. बाकीच्याबद्दल मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती.

"काही नाही मिळणार."

"मग?"

मग काय, ते त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. पिस्तूल देऊन टाकलं तर सगळंच गेलं. अनिमेष ती मूठ धरून महिनाभर झटेल आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येईल की यात काही नाही. मग तो सुबोधकडे बघेल, आणि त्याला पाचशे चाळीसवाला एक साधा माणूस दिसेल. आज जे दिसतं ते पुन्हा दिसणार नाही. असलं काही मिळालं असताना माणूस ते एका जर्मन पिस्तुलासाठी सोडून देतो का? छे.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने अनिमेषच्या समोर ट्रे ठेवला.

"जमणार नाही रे. ती मूठ तुझ्या हाताची वाट लावेल. तुझं नुकसान करून मला नवं पिस्तूल नको."

अनिमेषने हातातला चमचा ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाला, "दुसरा कोणी असता तर डोळे मिटून घेतलं असतं."

"असेल."

"वहिनी म्हणतात ते खरंय. तुम्ही वरून तिरसट आहात फक्त."

घरी अनघाने ऐकलं आणि त्याच्यासाठी आलं घातलेला चहा ठेवला. "चांगलं केलंस," ती पाठमोरी म्हणाली. सुबोधने कप घेतला. चहा छान झाला होता, आणि आपण तो फुकट पितोय असं त्याला अजिबात वाटलं नाही. चांगलं तर केलंच होतं ना? का केलं, ते विचारायला कोण येणार होतं?

पुढचा महिना त्याने मजेत काढला. रेंजवर अनिमेष मागे खुर्ची टाकून त्याचा सराव बघत बसे, आणि सुबोधला मानेवर ते बघणं उन्हासारखं जाणवे. तो पिस्तूल आता सावकाश उचलायला लागला. छर्रा सुटल्यावरही हात तसाच पुढे धरून ठेवायला लागला, जरा जास्तच वेळ. कागद परत आला की तो त्याच्याकडे लगेच बघायचा नाही, आधी चष्मा पुसायचा. एकदा गोह यांनी पेपर खाली करून विचारलं, "सुबोध, व्हाय सो स्लो टुडे? बॅक पेन, इझ इट?" तो नुसता हसला. सरावाचा आकडा तोच होता, पाचशे चाळीस, एकदा तर पाचशे चव्वेचाळीस.

निवडीची मॅच रविवारी होती. अनघा आणि गार्गी पहिल्यांदाच रेंजवर आल्या होत्या. अनघानेच हट्ट धरला होता. सुबोधचं नाव पहिल्या तुकडीत होतं, अनिमेषचं दुसऱ्या. अनिमेष मागच्या रांगेत त्या दोघींशेजारी बसला. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि समोरचं सँडविच तसंच होतं.

"तुमच्याकडे बघतो," तो सुबोधला म्हणाला. "तेवढंच बरं वाटेल."

सुबोध लेनमध्ये उभा राहिला. कानात आवाज अडवणारे बोळे घातले, पाय मांडले, मूठ हातात घेतली. मूठ नेहमीसारखीच बसली. गोह यांनी सुरुवात सांगितली. त्याने हात उचलला आणि टोकावरच्या माशीकडे पाहिलं.

मागे कोणी बोलत नव्हतं. एरवी या वेळी कोणीतरी फुटबॉलचा निकाल सांगत असायचं. अनघा बघत असेल. गार्गी बघत असेल, बाबा ओरडत नाहीत तेव्हा कसे दिसतात ते. आणि अनिमेष बघत असेल, या हाताकडे, जो हलत नाही. आपला हात हलत नाही, असं सुबोध मनात म्हणाला. इतक्या वर्षांत त्या जागी उभं राहून मनात काही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

माशी हलली.

त्याने हात खाली घेतला. याला नियमाची आडकाठी नाही, कितीही वेळा खाली घेता येतो. पुन्हा उचलला. माशी काळ्या गोलाच्या खाली आली, डावीकडे गेली, परत आली, आणि थांबायचं नावच घेईना. खांद्यापासून मनगटापर्यंत बारीक काहीतरी वाहत होतं. श्वास आधी सोडायचा की ट्रिगर आधी दाबायला घ्यायचा, हे त्याला आठवेना. त्याने तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा शेजारच्या लेनमधल्याचे चार छर्रे झाले होते. कोणाला कळू नये म्हणून त्याने घाईने ट्रिगर दाबला.

कागद सरसरत आला. सात.

त्याने चष्मा पुसला. खरोखरच काच धुरकट झाली होती. पुढचा आठ, पुढचा नऊ, मग पुन्हा सात. गोह यांनी पेपर उघडला नव्हता, ते खुर्चीत पुढे सरकून बघत होते. सुबोधच्या तळहाताला घाम आला आणि ती इतक्या वर्षांची मूठ पहिल्यांदाच ओली लागली.

क्लबाच्या मॅचमध्ये पहिल्या दहा छर्ऱ्यांनंतर कागद बदलायला थोडी उसंत असते. तो लेनमधून मागे आला. अनघाने त्याच्याकडे पाहून मान हलवली, काही हरकत नाही अशी. गार्गी सँडविच खात होती, अनिमेषचं असावं. अनिमेष उठून पुढे आला. त्याच्या हातात पाण्याचा कागदी पेला होता.

"असू दे, दादा," तो हळू आवाजात म्हणाला. "होतं कधीकधी असं. अजून पन्नास आहेत."

शब्द काळजीचे होते, पण त्यांच्याखाली, अगदी तळाशी, काहीतरी सुटल्यासारखं, हलकं झाल्यासारखं होतं. तो सूर सुबोधच्या पक्क्या ओळखीचा होता. डायरेक्टर झालेल्याची नोकरी गेली तेव्हा त्याने याच सुरात फोन केला होता. साडूच्या गाडीला अपघात झाला तेव्हाही. ज्याला तो सूर काढता येतो त्याला तो ऐकू येतोच, त्याला बाकी काही लागत नाही.

त्याने अनिमेषच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं आणि हाताकडे पाहिलं. पेला काठोकाठ भरलेला होता. मागच्या रांगेपासून इथपर्यंत तो तसाच आला होता. वरचं पाणी काचेसारखं स्थिर होतं.

सुबोधने तो दोन्ही हातांनी घेतला.